गाठीच्या रिपोर्टमधले ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७: पहिल्यांदा हातात आलेला कागद कसा वाचायचा

छातीतल्या, म्हणजे स्तनातल्या गाठीचा तुकडा कॅन्सरसाठी तपासायला गेला की काही दिवसांनी जो कागद हातात येतो तो घरात कोणालाच वाचता येत नाही, सगळा इंग्रजीत, मधेच टक्के, मधेच प्लसच्या खुणा, आणि मग गल्लीतल्या शिकलेल्या पोराला हाक जाते. तो बिचारा मोबाईलवर शोधते, पहिल्याच पानावर किती टक्के बाया किती वर्षं जगतात असले आकडे दिसतात, तो तोंड पाडून बसते आणि त्याचं तोंड पाहून बाईला वाटते की संपलं आता. हे लिहितोय ते त्या पोरासाठी, त्या बाईसाठी आणि तिच्यासोबत एसटीनं नागपूर-वर्ध्याच्या चकरा मारणाऱ्या नवऱ्यासाठी, लेकीसाठी, भावासाठी.

मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये हिस्टोपॅथच्या टेबलावर काम करतो, आलेले तुकडे मेणात बसवणं, त्याचे काप घेणं, रंग देणं हे रोजचं काम. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, म्हणून गावाकडच्या लोकांचे रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर येतच राहतात, "भाऊ, हे काय लिवलं हाये थे सांगा ना जी". औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, त्यात मी पडत नाही, पण कागदावर काय लिहिलं आहे ते ज्याची बिमारी आहे त्याला कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटते.

एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगून ठेवतो. त्या कागदावर ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ अशी तीन-चार प्रोटीनची नावं असतात आणि बिमारी पुढे कशी वागेल याचा अंदाज आणि कोणतं औषध तिला लागू पडेल, या दोन्ही उत्तरांचा मोठा भाग त्या नावांमध्ये असते. त्यामुळे ती तपासणी हातात आल्याशिवाय केमो किंवा मोठं ऑपरेशन सुरू करायची घाई करू नका, आणि तपासणी होऊन गेल्यावर उगाच वेळही घालवू नका.

सुरुवात तुकड्यापासून

बारीक सुईनं ओढून काढतात ती एफएनएसी. त्यात सुट्ट्या पेशी येतात, कॅन्सर आहे का याचा अंदाज लागते पण प्रोटीनची तपासणी त्यावर भरवशाची होत नाही. त्यासाठी जाड सुईची बायोप्सी लागते, तिला ट्रूकट म्हणतात, जागा बधिर करून सोनोग्राफीत पाहून गाठीतले बारीक लांबट तुकडे काढतात, त्याच दिवशी बाई घरी. "सुई टोचली का बिमारी पसरते" हे गावोगाव ऐकू येते आणि त्या भीतीपायी बाया झाडपाल्यावर दिवस काढतात, नाहीतर कापसाचा वेचा आटोपू दे, सोयाबीन घरात येऊ दे म्हणत गाठ लिंबाएवढी होऊ देतात. ट्रूकटमुळे आयुष्य कमी होत नाही. वेळ गेल्यानं होते.

दुसरी गोष्ट जी मला फार टोचते. लहान ठिकाणी कधीकधी "गाठच काढून टाकू, मग पाहू" असं होते, बायोप्सी नाही, मॅमोग्राफी नाही, सरळ गाठ काढली आणि नातेवाईकाच्या हातात बरणी दिली. अशी बरणी आमच्याकडे आलेली मी पाहिली आहे, अख्खी गाठ, वरून घट्ट झालेली आणि मधून कापली तर आत मऊ, रंग गेलेला, कारण फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून ज्यात ठेवतात ते औषधी पाणी, आत फार हळू शिरते आणि तोवर मधल्या पेशी सडायला लागतात. अशा तुकड्यात प्रोटीन होतं तरी ते तपासणीत दिसेनासं होते, आणि ज्या बाईला रोज एक गोळी घेऊन फायदा झाला असता तिच्या कागदावर "निगेटिव्ह" छापून येते.

म्हणून हे लक्षात ठेवा. तुकडा शरीरातून निघाल्यावर तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, साध्या पाण्यात नाही, सलाईनमध्ये नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच. फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्केवालं, बफर केलेलं, आणि तुकड्याच्या साधारण दहापट. त्यात तो कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. मोठी गाठ असेल तर हॉस्पिटलमध्येच तिला काप देऊन मग बरणीत टाकतात, तेवढं विचारून घ्या. आणि बरणी तुमच्याच हातानं न्यायची पाळी आली तर झाकण उघडून पाहू नका, डोळे झोंबतात, वर नाव, डावी का उजवी बाजू, काढल्याची तारीख आणि वेळ लिहिली आहे का ते पाहा, आणि शनिवारी ऑपरेशन झालं म्हणून सोमवार-मंगळवारपर्यंत बरणी घरच्या देवळीत ठेवू नका.

दोन कागद येतात, दोन्ही पाहिजेत

पहिला कागद हिस्टोपॅथचा. त्यात कॅन्सर कोणत्या प्रकारचा, बहुतेकींच्या रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा किंवा एनएसटी (नेहमीचाच, खास वेगळा नसलेला प्रकार) असं लिहिलेलं दिसते, आणि ग्रेड. ग्रेड १, २ किंवा ३, पेशी निरोगी पेशींपासून किती बिघडल्या त्याचं माप, तीन गोष्टींचे मार्क मिळून बेरीज ३ ते ९ येते, ३ ते ५ म्हणजे ग्रेड १, ६-७ म्हणजे २, ८-९ म्हणजे ३. ग्रेड ३ आणि तिसरी स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, ग्रेड ३ वाचून "तिसऱ्या स्टेजचा निघाला" असं कितीतरी घरांत सांगितलं जाते आणि रडारड होते. स्टेज ठरते मुख्यतः गाठ केवढी, काखेत गेली का, दुसरीकडे गेली का यावरून.

दुसरा कागद आयएचसीचा, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. हाच आपला. कधी तो पहिल्यासोबत येते, कधी वेगळा सांगावा लागते आणि पैसे वेगळे भरावे लागतात, आणि बरेच लोक पैसे वाचवायला हीच तपासणी सोडतात. ही सोडू नका, बाकी कुठेही काटकसर करा.

ती होते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण एकदा कळलं की आकड्यांची भीती कमी होते. मेणात बसवलेल्या तुकड्याचा ४ मायक्रॉन जाडीचा काप घेतो, कोमट पाण्यावर तरंगवतो, काचेवर उचलतो. मग त्यावर असं अँटिबॉडीचं द्रावण टाकतात जे एकाच प्रोटीनला जाऊन चिकटते, आणि पुढच्या रसायनानं जिथं ते चिकटलं तिथं तपकिरी रंग उमटते. बाकी सगळं निळसर. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ईआर असलेल्या गाठीत निळ्या पसाऱ्यात पेशींची केंद्रकं तपकिरी ठिपक्यांनी भरलेली दिसतात. हर-टू केंद्रकात नसते, ते पेशीच्या कडेला असते, जोरात असलं तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ ओढल्यावाणी जाळी दिसते. पॅथॉलॉजिस्ट मॅडम हे टक्के डोळ्यानंच पाहून लिहितात, म्हणून दोन लॅबमध्ये थोडाफार फरक येऊ शकते, त्यात कोणी फसवलं असं समजू नका.

ईआर आणि पीआर

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. बाईच्या शरीरातले हे दोन हार्मोन, आणि काही गाठींच्या पेशींमध्ये ते हार्मोन धरणारं प्रोटीन असते, मग गाठ त्या हार्मोनवर वाढते. शेताचं ओलीत तोडलं की उभं पीक वाळायला लागते, तसंच इथं हार्मोन तोडायचं, हाच सगळा इलाज. १८९६ मध्येच स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं अंडाशय काढल्यावर स्तनाची गाठ आक्रसते असं लिहून ठेवलं होतं, पण ते सगळ्यांमध्ये का होत नाही हे कळायला रिसेप्टर सापडावे लागले, ते काम शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी केलं.

कागदावर काय पाहायचं: १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्क्यांत असेल तर "लो पॉझिटिव्ह", यात गोळीचा फायदा किती याची खात्री कमी असते, डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. काही लॅब ऑलरेड स्कोअर देतात, ० ते ८, त्यात ३ पासून वर पॉझिटिव्ह. ८ पैकी ८ आला म्हणून घाबरायचं नाही, इथं जास्त म्हणजे गोळी जास्त चांगली लागू पडायची शक्यता.

ईआर निगेटिव्ह आलं असेल तर अजून एक गोष्ट विचारा. त्याच काचेवर गाठीच्या बाजूला निरोगी दुधाच्या नळ्या असतील तर त्यांतल्या काही पेशी रंगायलाच पाहिजेत. त्या रंगल्या आणि गाठ नाही रंगली, तर निगेटिव्ह खरं. त्याही नाही रंगल्या तर तुकडा बिघडला असेल किंवा रंगकाम चुकलं असेल, परत करावं लागते. आम्ही लॅबमध्ये हे पाहतोच, पण रिपोर्टमध्ये त्याला "इंटर्नल कंट्रोल" म्हणून लिहिलेलं असते, ती ओळ शोधा.

आता आयुष्याशी याचा संबंध. ईआर पॉझिटिव्ह बायांचा एकूण अंदाज बरा असतो, आणि टॅमॉक्सिफेनची गोळी ५ वर्षं घेतली तर पुढच्या १५ वर्षांत या बिमारीनं मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होते, हे हजारो बायांच्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये पक्कं झालं. ईआर नसलेल्या बाईला त्याच गोळीचा उपयोग जवळजवळ नाही. म्हणजे एक तपकिरी ठिपका ठरवते की गोळी द्यायची का नाही.

पण ईआर पॉझिटिव्हची एक वाईट खोड आहे जी कोणी नीट सांगत नाही. ही बिमारी उशिरा परत येऊ शकते. २०१७ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ५ वर्षं गोळी घेऊन थांबलेल्या बायांमध्ये ५ व्या ते २० व्या वर्षापर्यंत बिमारी शरीरात दुसरीकडे निघत राहिली, गाठ लहान आणि काख साफ होती त्यांच्यात १३ टक्के, गाठ मोठी आणि काखेतल्या ४ ते ९ गाठी लागलेल्या होत्या त्यांच्यात ४१ टक्के. म्हणून "पाच वर्षं झाली, सुटलो" म्हणून तपासणी बंद करू नका आणि डॉक्टर ७ किंवा १० वर्षं गोळी चालू ठेवा म्हणाले तर ते उगाच म्हणत नाहीत. गोळी मधेच सोडणाऱ्या बाया आपल्याकडे खूप आहेत, बरं वाटते म्हणून सोडतात, नाहीतर अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात म्हणून. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, पण मनानं बंद नका करू.

गोळी कोणती हे पाळी गेली का नाही यावर ठरते आणि इथं गावाकडच्या बायांचा एक खास घोळ होते. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाळी गेली असेल तर लेट्रोझोल नाहीतर अॅनास्ट्रोझोल. लेट्रोझोल अंडाशय चालू असताना एकटं देऊन काम करत नाही. आता आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतच "पिशवी काढलेल्या" बाया गल्लोगल्ली आहेत, डॉक्टरनं विचारलं पाळी येते का, बाई म्हणते "नाही येत जी", आणि तिथं समज होऊ शकते की पाळी गेली. पण पिशवी काढली म्हणजे अंडाशय काढलंच असं नाही, ते आत चालूच असू शकते. त्यामुळे पिशवीच्या ऑपरेशनचा जुना कागद घेऊन जा, नसेल तर स्पष्ट सांगा की पिशवी काढली, अंडाशय काढलं का ते माहीत नाही, मग ते रक्तातले हार्मोन तपासून ठरवतील.

टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावर लाल गेलं तर लगेच दाखवा. पायाला एकाच बाजूनं सूज आणि दुखणं आलं तरी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. लेट्रोझोलवाल्यांनी हाडांची काळजी घ्या.

हर-टू, जिथं सगळं पालटलं

हर-टू हे पेशीच्या कडेवरचं प्रोटीन, ते जास्त झालं की पेशी वाढायचा हुकूम सारखा मिळत राहते. दर शंभर रुग्णांत साधारण १५ ते २० जणींमध्ये ते जास्त असते. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या बायांमध्ये बिमारी लवकर परत येते आणि आयुष्य कमी राहते. त्या काळात हा मार्कर, म्हणजे बिमारीची ही खूण, वाईट बातमीच होती. मग त्याच प्रोटीनला जाऊन धरणारं ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि तिथल्या दोन मोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर केमोसोबत ते दिलेल्या बायांपैकी १० वर्षांनी ८४ टक्के जिवंत होत्या, नुसत्या केमोवाल्या ७५ टक्के. म्हणून मोबाईलवर जुनी माहिती वाचून "हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे खराब" असं कोणी म्हणत असेल तर त्याला विचारा, कोणत्या सालचं वाचलं?

कागदावर ०, १ प्लस, २ प्लस, ३ प्लस असं लिहिलेलं असते. ० आणि १ प्लस निगेटिव्ह. ३ प्लस पॉझिटिव्ह. २ प्लस म्हणजे अर्धवट उत्तर, त्यावर फिश नावाची दुसरी, हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करावी लागते, ती त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते, परत सुई टोचायची गरज नसते. ती महाग असते, काही हजार लागतात, आणि इथंच बरीच कुटुंबं थांबतात. २ प्लसवर थांबू नका. त्यातल्या बऱ्याच निगेटिव्ह निघतात पण ज्या पॉझिटिव्ह निघतात त्यांचा पूर्ण इलाजच बदलते.

इंजेक्शन दर ३ आठवड्यांनी, साधारण वर्षभर. इंग्लंडमध्ये ४ हजारांवर बायांचा अभ्यास झाला त्यात ६ महिन्यांचा कोर्सही फार मागे पडला नाही, म्हणून पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना ती लपवू नका, मोकळेपणानं सांगा, कमी मुदतीचं काही जमते का विचारा. भारतात बनलेली त्याच औषधाची स्वस्त रूपं २०१४ पासून मिळतात. हृदयावर ताण येऊ शकते, सुरू करायच्या आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मग दर ३ महिन्यांनी. दम लागला, पाय सुजले तर पुढच्या तारखेची वाट नका पाहू.

१ प्लस, किंवा २ प्लस आणि फिश निगेटिव्ह, याला आता "हर-टू लो" म्हणतात. बिमारी पसरलेल्या बायांसाठी या गटाला २०२२ पासून एक नवीन औषध लागू पडते असं दिसलं आहे, फार महाग आहे, पण म्हणूनच १ प्लस आणि ० यातला फरक कागदावर नीट लिहून घ्या.

तिन्ही निगेटिव्ह आलं तर

इथं घरच्यांची फसगत होते. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह वाचून लोक पेढे वाटायला निघतात, कॅन्सर नाही निघाला म्हणून. तसं नाही. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, कॅन्सर आहे, फक्त हार्मोनची गोळी आणि हर-टूचं इंजेक्शन दोन्ही त्याला लागू नाही. कमी वयाच्या बायांमध्ये जास्त दिसते आणि भारतात याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

हा प्रकार जोरात वाढतो, परत यायचा धोका पहिल्या ३ वर्षांत सगळ्यात जास्त असतो. पण ५ वर्षं नीट गेली तर त्यानंतर तो धोका खूप खाली येतो, ईआरवाल्यांसारखा वीस वर्षं रेंगाळत नाही, ही गोष्ट त्या बाईला नक्की सांगा. केमो यावर चांगलं काम करते. बहुतेक ठिकाणी गाठ मोठी असेल तर केमो आधी आणि ऑपरेशन नंतर करतात, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सरची पेशीच उरली नसेल तर पुढचा अंदाज फार चांगला असतो. उरली असेल तर नंतर कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ७२० बायांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ च्या शेवटी जगापुढे आले, नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन जोडलं तर ५० वर्षं आणि त्याखालच्या बायांचं आयुष्य वाढलं. कार्बोप्लॅटिन जुनं आणि परवडणारं औषध आहे, त्याबद्दल जरूर विचारा.

आणि ट्रिपल निगेटिव्ह असेल तर बीआरसीए जनुकाची रक्ततपासणी करायची का हेही विचारा, कारण त्यात घराण्यातून येणारा बिघाड निघाला तर बहिणींचं आणि लेकींचंही पाहावं लागते. लेकीचं लग्न अडेल म्हणून हे लपवणारे आईबाप मी पाहतो. लेकीचा जीव लग्नापेक्षा मोठा आहे.

केआय-६७

हे प्रोटीन फक्त वाढत्या, विभागणाऱ्या पेशीत दिसते, म्हणून टक्का जास्त म्हणजे गाठ वेगात. पण सगळ्यात जास्त फरक याच आकड्यात पडते. २०११ मध्ये तज्ज्ञांनी १४ टक्क्यांची रेघ धरली, २०१३ मध्ये २० च्या आसपास नेली, आणि आता त्यांचा कल असा की ५ टक्के किंवा खाली आणि ३० टक्के किंवा वर, या दोन टोकांवरच भरवसा ठेवा, मधल्या आकड्यांवर मोठा निर्णय एकट्यानं नका घेऊ. १८ आलं का २२ आलं यावर रात्र जागू नका.

नुसत्या प्रोटीनवर आयुष्य मोजू नका

आता तो प्रश्न जो सगळे विचारतात, "भाऊ, किती दिवस काढल माय?" याचं उत्तर कोणत्याही एका मार्करमध्ये नाही. गाठ किती सेंटिमीटर, काखेतल्या किती गाठी लागल्या, ग्रेड, आणि हे चार प्रोटीन, सगळं मिळून चित्र बनते. २०१८ पासून तर जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टेजिंगमध्येच ईआर, पीआर, हर-टू आणि ग्रेड धरतात, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या गाठीची दोन बायांची स्टेज वेगळी येऊ शकते.

प्रेडिक्ट नावाचं एक फुकटचं ऑनलाईन साधन आहे, त्यात हे सगळं भरलं की शंभरात किती बाया ५ किंवा १० वर्षांनी जिवंत राहतात आणि केमोनं त्यात किती भर पडते ते दाखवते. ते ब्रिटनमधल्या बायांच्या नोंदींवर बनलेलं आहे. डॉक्टरांच्या समोर बसून पाहिलं तर कामाचं, घरी एकट्यानं रात्री पाहू नका. शंभरातल्या कोणत्या गटात आपली बाई आहे हे कोणताच आकडा सांगत नाही.

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि सुरुवातीची स्टेज असेल तर केमो लागेल का नाही हे ठरवायला अजून पुढच्या तपासण्या आहेत. त्यातली एक बंगळुरूची, कॅनअसिस्ट ब्रेस्ट, ती गाठीतली पाच प्रोटीन पाहते, सीडी-४४, एबीसीसी-४, एबीसीसी-११, एन-कॅडहेरिन आणि पॅन-कॅडहेरिन, त्यात गाठीचं माप, ग्रेड आणि काखेची माहिती जोडून ५ वर्षांत बिमारी दुसरीकडे निघायचा धोका कमी का जास्त ते सांगते. धोका कमी आला तर केमो टळू शकते. अमेरिकेची ऑन्कोटाईप डीएक्स आहे ती प्रोटीन नाही तर २१ जनुकं पाहते आणि खूप महाग पडते. या सगळ्यांनाच लागतात असं नाही, ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्हवाल्यांनी यावर पैसा घालू नये.

डॉक्टरकडे जाताना

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या, मराठीतच लिहा. ईआर-पीआर किती टक्के, हर-टू किती आणि २ प्लस असेल तर फिश कधी करायची, केमो आधी का ऑपरेशन आधी आणि का, गोळी किती वर्षं, हृदयाची तपासणी लागेल का, मुलीबाळींना तपासायचं का. बाईला बाहेर बसवून नवऱ्याला आत बोलवायची पद्धत पडली आहे, ती मोडा. अंग तिचं आहे, तिला आत बसू द्या.

आपल्या इकडे जायचं तर नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रिजनल कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), मिहानजवळचं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अकोल्याचं संत तुकाराम कॅन्सर हॉस्पिटल. दरवेळी मुंबई गाठायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जिथं लागू आहे तिथं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्यालाच भेटा आणि तुकड्याची कोणती तपासणी आणि कोणतं औषध योजनेत बसते हे पैसे भरायच्या आधी विचारा, भरल्यावर परत मिळवणं कठीण जाते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला भाड्यात सवलत आहे, हॉस्पिटलमधून त्याचा फॉर्म भरून घ्या.

फाईल एकच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात कागद भिजून शाई गेलेले रिपोर्ट घेऊन लोक येतात. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

आणि ब्लॉक. मेणाचा तो छोटा चौकोन, त्यात तुमचा तुकडा बसवलेला आहे, तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असते. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला दाखवायचं झालं तर ते नुसता रिपोर्ट मानत नाहीत, ब्लॉक आणि काचा मागतात. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे, लॅबला अर्ज द्या, आधारची झेरॉक्स लावा, मिळते. उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण वितळते. वर्षांनंतर बिमारी परत निघाली तर नवीन जागेचा तुकडा घेऊन हे सगळे मार्कर परत करायला सांगा, कारण ईआर किंवा हर-टू मधल्या काळात बदललेलं असू शकते, आणि तेव्हा जुना ब्लॉक शेजारी ठेवून पाहता येते. म्हणून ब्लॉक कुठेही दिला तरी त्याचा नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि काम झाल्यावर तो परत आणून जुन्या लॅबमध्ये जमा करून पावती फाईलला लावा.